आधी विहीर मोज, मग अर्ज भर

पोरी, या हंगामापासून वावराचा कारभार तुझ्या हाती आला. पेरणी-डवरणीचं मी तुला सांगावं असं काही उरलं नाही. तुझ्या हातची तूर माझ्यापेक्षा सरस येते, हे मी चार बायांत बोलून दाखवते. मला सांगायचं आहे ते सरकारी अनुदानाचं, आणि त्यातही उन्हावर अन् शेणावर चालणाऱ्या वस्तूंचं. पंधरा वर्षं बचत गटाची वही माझ्याकडे होती. राळेगावच्या तहसीलपासून यवतमाळच्या कचेऱ्यांपर्यंत बायांचे अर्ज घेऊन मी हिंडले. त्यात जे उमगलं ते तोंडी सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहून देते.

अनुदान किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. ही वस्तू नाही म्हणून आपलं काय अडतंय, ते आधी बघायचं. आपलं काय अडलं होतं ते तू पाहिलेलं नाहीस. तू सून होऊन या घरात येण्याच्या आधीची गोष्ट आहे. हरभऱ्याला दुसरं पाणी द्यायचं होतं. शेतीची लाईन तेव्हा पाळीपाळीनं यायची, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. त्या आठवड्यात पाळी रात्रीची. मार्गशीर्षातली थंडी. तुझे मामाजी कानाला मफलर बांधून, एका हातात बॅटरी आणि एका हातात फावडं घेऊन निघाले. दोनच्या सुमारास दांड फुटला म्हणून ते वाकले आणि धुऱ्यावरच्या गवतात परडीनं, म्हणजे घोणस सापानं, पायाला धरलं. थंडीच्या दिवसांत परड बाहेर असते हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे, पण पाणी वाया जाताना दिसलं की पायाखाली कोण बघतं? शेजारच्या पोरांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून यवतमाळला नेलं म्हणून जीव वाचला. घोट्याजवळचं मांस मात्र सडून गेलं. पुढे आठ वर्षं ते जगले, पण त्या पायावर भार देऊन कधी चालले नाहीत.

त्यानंतर वाघिणीचे दिवस आले. टी-१ तिचं सरकारी नाव, लोक तिला अवनी म्हणत. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री आपल्या तालुक्यातल्या बोराटीजवळ ती मारली गेली. पण त्याआधीचे दोन हंगाम राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात दिवस मावळल्यावर कोणी एकटं वावरात जात नव्हतं. रात्री लाईन यायची आणि मोटर बंदच राहायची. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे की ओलीत दिवसा करायचं. सौरपंप घ्यायचा तो एवढ्यासाठी. बाकीचे फायदे त्याच्या मागून येतात.

सरकार यात एवढा पैसा का ओततं, हेही समजून घे. कारण माहीत असलं की माणूस खिडकीपुढे लाचार होऊन उभं राहत नाही. वणीकडे गेलीस की रस्त्याकडेची पऱ्हाटी बघ. उकणी आणि आसपासच्या खाणींतून कोळशाचे ट्रक जातात, आणि फुटलेला कापूस त्या धुळीनं राखट दिसतो. असा कोळसा जळून आपली वीज होते. शेजारच्या चंद्रपूरचं एकटं वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. कोळशाच्या एका युनिटामागे धुराड्यातून जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड वर जातो. पाच एचपीची मोटर सहा तास चालली की वीस-बावीस युनिटं होतात, म्हणजे एका दिवसाच्या ओलिताला वीस किलोच्या आसपास झाला. देशानं २०७० पर्यंत हा हिशेब शून्यावर आणायचा शब्द जगाला दिला आहे. शिवाय लांबलांबच्या तारांनी वावरावावरात वीज पोचवणं सरकारला महागात पडतं. तेव्हा पंपाचं अनुदान हा कोणी आपल्यावर केलेला उपकार समजू नकोस. त्यांची गरज आहे तशी आपली गरज आहे. ताठ मानेनं अर्ज कर.

आता विहिरीचं. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. तिच्याच जोरावर राज्यानं २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आणली आणि ती महावितरण चालवतं. खुल्या गटाला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, बाकी केंद्र आणि राज्य मिळून घालतात. २०२३ मध्ये महाऊर्जाच्या कुसुममध्ये पाच एचपीला खुल्या गटाचा हिस्सा २७ हजारांच्या आसपास होता. भाव बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना पोर्टलवरचाच आकडा धरायचा. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात, असं जमिनीवरून पंपाचं माप ठरलेलं आहे. लोक इथेच चुकतात. जमीन जास्त म्हणून मोठा पंप मिळतो, पण पाणी जमिनीच्या मापानं येत नाही, विहिरीच्या मापानं येतं.

माझ्या भावानं सहा एकरांवर हक्कानं साडेसातचा घेतला. त्याची विहीर जेमतेम तीन एचपीची. चैत्रात सकाळी नऊला पंप सुरू व्हायचा, अकराच्या आत विहीर कोरडी, आणि मग भर दुपारचं कडक ऊन पंपाच्या सौर पाट्यांवर नुसतं पडून राहायचं. दोन तासांनी झरे भरले की पुन्हा थोडं पाणी. तीनचा घेतला असता तर दिवसभर मंद धार चालली असती आणि ठिबकला तीच पुरली असती. नियमात आपल्या पात्रतेपेक्षा लहान पंप मागायची मुभा आहे. हे कोणी आपणहून सांगत नाही, तूच मागायचं.

म्हणून वैशाखात, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा, विहीर मोज. उन्हाळ्यातली पातळी, पावसाळ्यातली पातळी, आणि उपसल्यावर किती तासांत किती हात भरते, हे तीन आकडे लिहून ठेव. विहिरीपासून वावराच्या वरच्या टोकापर्यंत चढ किती, पाईप किती लांब, तेही लिही. पंप ३०, ५०, ७०, १०० मीटर अशा उंचीच्या मापात येतात. पाहणीला माणूस येईल त्या दिवशी घरी राहा आणि हे आकडे त्याच्या कागदावर चढले की नाही ते डोळ्यांनी बघ. विहिरीच्या काठावर उभं राहून अंदाजानं लिहिलेली खोली पुढे पंचवीस वर्षं त्रास देते.

कागदांचं काम मी तुला जास्त खोलात सांगते, कारण अर्ज अडतात ते तिथेच. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का, हे सगळ्यात आधी. मामाजी गेल्यावर वारसनोंद करायला मी दीड वर्ष लावलं. दुःखात सुचलं नाही म्हण, पण त्या दीड वर्षात माझ्या नावानं एकही अर्ज उभा राहू शकला नाही. गटातल्या किती बाया अशा की नवरा गेला, वावर त्या कसतात आणि सातबारा अजून मयताच्या नावावर. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली ती यासाठीच की नवरा हयात असतानाच बायकोचं नाव लागावं. माझ्या मुलाला मी सांगितलं आहे, या वर्षी तुझं नाव लावून घ्यायचं. तो विसरला तर तू आठवण कर, लाजू नकोस.

विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते दुसरं. विहीर वावरात असते आणि कागदावर नसते, असं आपल्या गावात दहा ठिकाणी निघेल. तलाठ्याकडे जाऊन नोंद कर, मग अर्ज. तिसरं, सातबारा सामाईक असेल तर बाकीच्यांची ना हरकत लागते. आपल्या सातबाऱ्यावर तुझ्या दोन नणंदांची नावं आहेत. त्यांच्या सह्या भाऊबीजेला घे, तेव्हा दोघी घरी येतात. पण कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. ना हरकत वेगळी आणि हक्कसोड वेगळा. पंपाच्या नावाखाली बहिणींकडून भलत्याच कागदावर अंगठा घेतल्याचं मी पाहिलं आहे. त्या घरात आज दिवाळी होत नाही. आपल्याकडे तसं होता कामा नये.

आधार, बँकेचं पासबुक आणि सातबारा या तिन्हींवरचं नाव एकसारखं करून घे. एकीकडे बाई, एकीकडे ताई, एकीकडे नुसतं नाव, एवढ्यावरून अर्ज परत येतात. आणि अर्जात मोबाईल नंबर तुझाच टाक. सेतूवाला म्हणतो, माझा टाकतो, तुम्हाला कटकट नको. त्याचा नंबर टाकला की सगळे निरोप त्याला, सगळे ओटीपी त्याला, आणि आपण महिनोन् महिने काही कळलं नाही म्हणत बसतो.

पैसे भरायचे ते पोर्टलवर, पावती घेऊन. कुसुमच्या नावानं खोटी संकेतस्थळं निघाली, फोन आले, ‘तुमचा नंबर लागला, आज रात्रीपर्यंत एवढे भरा’. गटातल्या एकीनं बारा हजार असेच घालवले. अंगावरचे मणी मोडून आणलेले पैसे होते ते. अर्जाला फी नाही, आणि कोणाच्याही खासगी खात्यावर रुपया टाकायचा नाही. घाई करणारा फोन आला की ठेवून दे आणि महावितरणच्या १९१२ वर स्वतः विचार.

कंपनी निवडायचा हक्क शेतकऱ्याला आहे. यादी उघडली की पहिल्या नावावर बोट ठेवू नकोस. आधी आसपासच्या चार गावांत जा, पंप लागलेली वावरं बघ आणि एकच विचार: बिघडला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, विमाही आहे, पण येणारा माणूस लांबचा असेल तर हमी कागदावरच राहते आणि हरभरा सुकतो. माझ्या भावाच्या वावरात खांब उभे केले तेव्हा खड्डे उथळ खणले होते. तो त्या दिवशी लग्नाला गेला होता. पुढच्या वैशाखातल्या वादळात सांगाडा पिळवटला. विम्याला फोटो लागले, पावत्या लागल्या, आणि त्या त्याच्याकडे नव्हत्या. सात महिने गेले. तेव्हा काम होईल त्या दिवशी उभी राहा. खड्डा मोज, सिमेंट बघ, अर्थिंगची तार जमिनीत खरंच गेली का ते बघ, पडलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून लावतात तो त्रिशूळ बसला का ते बघ. पाणी पडल्याशिवाय काम झाल्याच्या कागदावर सही नाही आणि फोटोही नाही. पाट्यांवरचे नंबर फोटो काढून ठेव. चोरी झाली तर आधी पोलिसांत लेखी तक्रार, मग विमा.

पाट्या दक्षिणेला तोंड करून असतात. त्यांच्यासमोर शेवगा किंवा पपई लावू नकोस, दोन वर्षांत सावली पडते. एका पाटीच्या कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या ओळीचं पाणी कमी होतं. धुवायच्या त्या सकाळी उन्हं चढायच्या आत. दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. ढगाळ दिवशी धार बारीक पडेल, त्याला घाबरू नकोस. ढग असले की पिकालाही पाणी कमी लागतं.

ज्यांच्याकडे लाईनची जोडणी आहे त्यांना हा पंप मिळत नाही. आपल्या वाटणीत जोडणी तुझ्या चुलतसासऱ्यांकडे गेली आणि नाल्याकाठची विहीर आपल्याकडे आली, म्हणून आपल्याला मिळू शकतो. ते म्हणतील, साडेसात एचपीपर्यंत मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे, मला सोलर कशाला? त्यांचं बरोबर आहे. त्यांच्यासाठी सौर कृषी वाहिनी आहे. उपकेंद्राजवळ मोठा सौर प्रकल्प उभा राहतो आणि तीच जुनी तार दिवसा वाहते. तेव्हा गावात अशा प्रकल्पाला जागा मागायला कोणी आलं तर ग्रामसभेला नक्की जा. सरकारी जागेवर प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतात, तो पैसा कुठे जातो ते विचारायचं. पण सगळं गायरान देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत आणि वावर नाही, त्याचं गायरान हेच वावर आहे. त्याच्यापुरतं कुरण आधी राखून ठेवायला हात वर कर. खासगी जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरसाल तीन टक्के वाढ, असा दर आहे. बरड असेल तर देऊन टाकावी. काळी जमीन देऊ नये. करार पिढीभराचा असतो, तो वकिलाला दाखवल्याशिवाय कोणी सही करू नये.

घराच्या छपराचं थोडक्यात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० मिळतात. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिटं देतो. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढ, मे महिन्याच्या कूलरचं बिल वेगळं धर आणि तेवढाच बसव. ७८,००० च्या मोहानं तीन किलोवॉट बसवून कर्जाचे हप्ते भरणाऱ्या दोन घरांची नावं मी तुला सांगेन. अनुदान नंतर खात्यात येतं, आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, हेही लक्षात ठेव. महिन्याला शंभर युनिटांच्या आत जळणाऱ्या घरांना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना २०२५ पासून राज्याचीही भर आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॉटला १७,५०० वरून मिळतात. गटातल्या बायांना हे आवर्जून सांग, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि वानरं! आपल्या गावात टोळी उतरली की कौलं राहत नाहीत. पाट्यांना वरून जाळी टाकू नकोस, सावली पडते. बाजूनं कठडा कर.

गोबरगॅसचं मला जवळचं वाटतं. माझ्या सासूचे डोळे चुलीच्या धुरानं गेले. पण शेण मोजूनच हात घाल. एका घनमीटरला रोज सुमारे पंचवीस किलो ओलं शेण लागतं, दोन घनमीटरला पन्नास, म्हणजे चार-पाच जनावरं गोठ्यात उभी हवीत. गावात बंद पडलेली टाकी आहेत ती सगळी जनावरं विकल्यावर बंद पडली आहेत. आपल्याकडे आज दोन गाई. गोऱ्हे मोठे झाले की बघ, तोवर नको. अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात असतो. निघणारी मळी पऱ्हाटीला घाल, खताची एखादी थैली वाचेल.

शेवटचं. अलीकडे गाड्या घेऊन माणसं येतात. बांधावर झाडं लावा, कार्बनचे पैसे मिळतील, इथे सही करा. कार्बनच्या बाजाराचा सरकारी आराखडा २०२३ मध्ये निघाला आहे, त्यामुळे सगळं खोटं म्हणून हाकलू नकोस. पण करार मराठीत माग. किती वर्षं झाड तोडता येणार नाही, पैसे कधी आणि कोणाच्या खात्यात, मध्ये जमीन विकली तर काय, ही तीन उत्तरं कागदावर असल्याशिवाय अंगठा नाही. झाडं मात्र लाव, सही असो की नसो. धुऱ्यावरचा तो कडुनिंब तुझ्या मामाजींनी पाय अधू झाल्यावर लावला, आणि ओलिताच्या वेळी सगळे त्याच्याच खाली बसतात.

माझी मोजायची दोरी आतल्या खोलीत, कोठीमागच्या खुंटीला आहे. एकेका फुटावर गाठ आहे आणि दर दहाव्या गाठीला लाल चिंधी. टोकाला लोखंडाचा तुकडा बांधला आहे, तो सोडू नकोस. वैशाख संपायच्या आत मोजून घे, आणि मोजायला एकटी जाऊ नकोस.